एका थेंबात सासू-सून

धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या आणि माझ्या नावाचे दोन जीव एकाच दिवशी छापून आले. जीव म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, एका पेशीचे. हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि त्यातही ह्यांचं सगळं लक्ष असल्या जिवांवर. घरात कुणाला ताप आला तर ह्यांना दोन दिवसांनी कळे, पण बशीतल्या पाण्याला वास आला की दारातूनच ओरडत येत.

कॉलेजच्या मागे पाण्याची टाकी होती. तिच्याखालच्या खड्ड्यातल्या चिखलात ह्यांना एक अमीबा सापडला. अमीबाला ना तोंड ना पाय. अंगाचा एक भाग पुढे काढायचा, तोच पाय, आणि मग उरलेलं अंग त्याच्या मागून ओतायचं, अशी त्याची चाल. हा अमीबा आधी कुणी नोंदवलेला नव्हता, म्हणून नाव द्यायचा हक्क ह्यांचा. ह्यांनी आईचं नाव द्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी टाकी भरून वाहिली आणि खड्ड्यात नवं पाणी आलं, तेव्हा त्यात दुसराच एक जीव दिसला. हा लांबट, एका टोकाला दोन चाबूक असलेला, आणि असा पळणारा की भिंगाखाली नजर ठरेना. त्याला माझं नाव दिलं.

"मला कशाला?" मी विचारलं.

"अगं, आईचं दिलं आणि तुझं नाही दिलं तर मला या घरात चहा कोण देईल?" हे म्हणाले.

सासूबाईंवरचा लेख केव्हाच लिहून तयार होता. पण आईचं नाव आधी छापून आलं तर बायको रुसेल आणि बायकोचं आधी आलं तर घरात राहणंच मुश्किल, असा हिशेब करून ह्यांनी तो लेख दाबून ठेवला. संपादकाच्या आठवणीच्या चिठ्ठ्या येत, त्या हे पुस्तकाच्या पानांत खुणेला घालत. शेवटी दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच अंकात घालून मोकळे झाले. शेजारी रसायनशास्त्राचे मास्तर राहायचे. ते म्हणाले, "सासू-सुनेची बाळंतपणं एका घरात झालेली पाहिली होती, पण एकाच दिवशी उरकणारे तुम्हीच."

अंक घरी आला तेव्हा मला वाचता येत नव्हतं. माहेरी आम्ही भावंडं पुष्कळ, आणि धाकट्यांना सांभाळायला थोरलीने घरी राहायचं हे ठरलेलं. सासूबाईंना वाचता येई. त्यांनी खुर्ची उजेडात ओढली, चष्मा पुसला आणि स्वतःचं नाव तीनदा मोठ्याने वाचलं. नावाला लॅटिनचं शेपूट लावलेलं होतं, तेही वाचलं.

"आणि माझं?" मी विचारलं.

"आहे की. खाली, बारीक अक्षरात," त्या म्हणाल्या आणि अंक मिटला.

चाळिशी उलटल्यावर लेकीच्या शेजारी बसून मी अक्षरं शिकले. ती शाळेचा अभ्यास करी, मी तिच्या जुन्या वह्यांवर गिरवी. जरा जोडून वाचता यायला लागल्यावर मी तो अंक काढला. माझं नाव खाली नव्हतं आणि बारीकही नव्हतं. पुढच्या पानावर होतं, सासूबाईंच्या नावाइतक्याच मोठ्या टाइपात. मी अंक होता तिथे ठेवून दिला. त्या दिवशी भांडी जरा जास्त वाजली असावीत, कारण सासूबाई दोनदा आत येऊन बघून गेल्या.

ह्यांचं एक लाकडी कपाट होतं, चार खणांचं. त्यात रंग देऊन बंद केलेल्या जिवांच्या काचपट्ट्या उभ्या लावलेल्या. ह्यांच्या शास्त्रात या जिवांची वाटणी चालीवरून होई. पाय काढून सरकणारे पहिल्या खणात. चाबकाने पोहणारे दुसऱ्यात. अंगभर बारीक केस असतात आणि ते वल्ह्यांसारखे हलवून जातात, ते तिसऱ्यात. आणि जे कुठे जातच नाहीत, दुसऱ्याच्या पोटात नाहीतर रक्तात बसून खातात, ते चौथ्यात. त्या चौथ्या खणाला घरात आम्ही आयतोबांचा खण म्हणत असू. पाहुणे चार दिवस जास्त राहिले की सासूबाई माझ्या कानाशी म्हणत, "चौथा खण." हसायच्या बाबतीत आमचं दोघींचं जमे, ते मात्र खरं.

तर सासूबाई पहिल्या खणात आणि मी दुसऱ्यात. म्हणजे आमच्या पट्ट्या. सासूबाईंची काचपट्टी तिथे फार दिवस राहिली नाही. पहिल्यांदा वर्णन लिहिताना जो नमुना समोर असतो तो मूळ नमुना, तो जपून अंधारात ठेवायचा, असा नियम. पण सासूबाई म्हणाल्या, "माझा फोटो मला दे." आईला नाही म्हणणं ह्यांना जन्मात जमलं नाही. त्यांनी ती पट्टी आपल्या खोलीच्या खिडकीत उभी करून ठेवली. कुणी आलं की उचलून दाखवायच्या. काच, काचेवर एक जांभळा ठिपका. "मी," म्हणायच्या. येणारा मान डोलवी.

माझी पट्टी कपाटातच राहिली. दरवर्षी पट्ट्यांच्या कडा सुटत, त्या नेलपॉलिशने पुन्हा बंद करायचं काम माझ्याकडे होतं. नखांना मी ते कधी लावलं नाही, पण दुकानदार मला फार नटवी समजत असणार.

जिवंत जीव स्वयंपाकघरात असत, फडताळाच्या वरच्या फळीवर, झाकणाच्या बश्यांत. त्यांना उकडलेला गव्हाचा एखादा दाणा टाकायचा, त्याच्यावर जंतू वाढतात, ते हे जीव खातात. बशी सुकायला आली तर खड्ड्यातलंच गढूळ पाणी घालायचं. ह्यांचा सक्त हुकूम होता की साध्या स्वच्छ पाण्याचा थेंबही घालायचा नाही, फुगून मरतील. मी कधी घातला नाही. पायवाल्या सासूबाई त्या बश्यांत वर्षानुवर्षं सुखाने नांदल्या. दुसऱ्या गावच्या कॉलेजांनी मागितल्या तिथेही गेल्या.

मी मात्र घरात टिकत नव्हते. संध्याकाळी खड्ड्यातून बाटली भरून आणावी, त्यात चाबूकवाल्या नुसत्या धावत असत. सकाळी बघावं तर एकही नाही, सगळ्या पायवाल्या. हे महिनोन्महिने त्या बाटल्यांपुढे बसले आणि शेवटी ह्यांनी निष्कर्ष काढला की पायवाली चाबूकवालीला खाते. त्यावर लेख लिहिला. तो ह्यांच्या सगळ्या लेखांत गाजला. पुस्तकांत गेला, परीक्षेत त्यावर प्रश्न आले.

मग तर सासूबाईंना आणखी काय हवं. खिडकीतली पट्टी दाखवून झाली की माझ्याकडे बोट करायच्या. "आणि मी हिला खाते. छापून आलंय." पाहुणे हसत. मी चहाचे कप गोळा करून आत जाई. एका स्वयंपाकघरात आम्ही सव्वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चार त्या अंथरुणावर होत्या, तरी मीठ किती घालायचं ते तिथूनच सांगत.

त्या गेल्यावरही बश्या राहिल्या. स्टुलावर चढून फळीशी पोचता येईना तेव्हा मी त्या खालच्या कप्प्यात आणल्या. ह्यांना झटका आला, डावं अंग गेलं, तरी दाणे टाकायचं मी थांबवलं नाही.

लेक त्याच कामात पडली. तिच्या प्रयोगशाळेत भिंग कमी आणि यंत्रं जास्त. जिवाच्या आत जी जनुकं असतात ती वाचायची आणि त्यावरून कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, ते ठरवायचं. ती एकदा मला म्हणाली होती, "बाबांचं कपाट आता कुणी मानत नाही, आई. चालीवरून नातं ठरत नसतं. टेबलालाही चार पाय आहेत, म्हणून ते गाईचं भावंड होत नाही. अमीबांचीच बघ, एकमेकांशी काही संबंध नाही अशा किती घराण्यांतले लोक बाबांनी एका खणात कोंबलेत."

"ह्यांच्यासमोर बोलू नकोस," मी म्हटलं होतं.

ती बोलली नव्हती. मग एका दुपारी न कळवता आली. बॅग खांद्यावरच, ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा झोपलेत?"

"हो. काय झालं? जावई बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. आई, मी दोघींची जनुकं वाचली. आजीची आणि तुझी."

मला वाटलं आमच्याच रक्ताचं काही तपासलं, काही रोग निघाला. ती म्हणाली, "अगं, बशीतली आजी. आणि खड्ड्यातून चाबूकवाल्या एकेक उचलून घेतल्या, त्या तू."

"मग?"

"एकच आहेत."

मी गॅस बारीक केला.

"मला आधी वाटलं भांडी नीट धुतली नाहीत. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन जीव नाहीतच ते. एकच आहे. चिखलात असला की पाय काढतो. पाणी पातळ झालं की पाय आवरतो, चाबूक काढतो आणि पळतो. पुन्हा दाट झालं की पुन्हा पाय."

"म्हणजे सासूबाई मला खात नव्हत्या?"

"नाही. सकाळपर्यंत तूच त्या होत होतीस."

मी तिला चहा दिला. ती तो हातात धरून उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर अजून काहीतरी शिल्लक होतं.

"नाव," ती म्हणाली. "एका जिवाला दोन नावं चालत नाहीत. एक काढावं लागणार."

"कुणाचं काढतात?"

"जे आधी छापलं ते राहतं, नंतरचं जातं. पण बाबांनी दोन्ही एकाच दिवशी छापली. पान मागचं की पुढचं, याला किंमत नाही. अशा वेळी दोन्ही एक आहेत हे जो पहिल्यांदा दाखवतो, त्याने निवडायचं. म्हणजे मी." तिने कप खाली ठेवला. "आणि आई, लोक आजीचं नाव वापरतात. तुझं कुणी वापरत नाही, कारण तुला कुणाला पाळताच आलं नाही. वापरातलं नाव ठेवावं असा रिवाज आहे. म्हणजे गोंधळ होत नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"विचारत नाही. सांगायला आले. छापल्यावर तुला बाहेरून कळण्यापेक्षा."

ती खरं बोलत होती आणि तिचा दोष काही नव्हता. पण माझं नाव त्या पानावर आहे, खाली नाही, बारीक नाही, हे मी ज्या दिवशी वाचलं तो दिवस मला आठवत होता. घराचं दार ह्यांच्या नावाचं, रेशनचं कार्ड ह्यांच्या नावाचं, खिडकी सासूबाईंची. माझं असं तेवढंच होतं. ते मला हवं होतं. मी म्हटलं, "आधी बाबांना दाखव."

"त्यांना झेपेल? त्यांचा तो खाण्याचा लेख..."

"झेपेल. स्वतःच्या आईचं आजारपण झेपलं त्यांना, लेखाचं काय घेऊन बसलीस."

हे उठल्यावर आम्ही दोघींनी ह्यांना खुर्चीत बसवून स्वयंपाकघरात आणलं. लेकीने जुनं भिंग जेवणाच्या टेबलावर मांडलं. सासूबाईंच्याच बशीतला एक थेंब घेतला, धुऊन काढला आणि त्यावर डिस्टिल्ड वॉटर टाकलं, बॅटरीत घालतात ते.

"मरतील," हे म्हणाले. झटक्यानंतर ह्यांचं बोलणं जड झालं होतं, पण हुकूम नेमका कळे.

"बघा तरी, बाबा."

बराच वेळ काही झालं नाही. मी बटाटे सोलले. ह्यांनी भिंगावरून डोळा काढला नाही. उजव्या हाताने भिंगाचा स्क्रू फिरवत होते, तो हात पूर्वीसारखाच चाले. मग म्हणाले, "गोल झाल्या." थोड्या वेळाने म्हणाले, "थांब, थांब." लेकीने मला खुणावलं. मी हात पुसून वाकले. पाय कुठेच नव्हते. लांबट झालेल्या, टोकाला दोन चाबूक, सगळीकडे पळापळ. एक गोल होती ती माझ्या डोळ्यांदेखत थरथरली आणि निघून गेली.

हे मागे टेकले.

"म्हणजे इतकी वर्षं मी खोटं शिकवलं," हे म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"की आईने तुला खाल्लं."

"ते खोटं नव्हतं," मी म्हटलं.

लेक खिडकीबाहेर बघायला लागली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा भिंगाला डोळा लावला. हसत होते की काय ते एका बाजूच्या तोंडावरून कळेना.

लेकीने मग नावाचं सांगितलं. ह्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि शास्त्रात ह्यांना शंका नव्हतीच. "वापरातलं ठेवायचं," हे म्हणाले. "आईचं."

"अहो, तेव्हा तुम्ही निवडलं नाहीत. वर्षभर लेख दाबून बसलात, पण निवडलं नाहीत. आता एका दमात निवडलंत?"

"नियम..."

"नियम तिला निवडायला सांगतो. तुम्हाला नाही." मी लेकीकडे वळले. "वापरातलं ठेवलंच पाहिजे का?"

"पाहिजेच असं नाही. ठेवावं म्हणतात. दुसरं ठेवायचं तर कारण लागतं. आणि आधी दोघींचे मूळ नमुने तपासावे लागतील."

माझी पट्टी कपाटाच्या दुसऱ्या खणात होती. तिने भिंगाखाली घातली. रंग जसाच्या तसा, चाबूक मोजता येत होते. सासूबाईंची पट्टी त्यांच्या खोलीच्या खिडकीत. तिथून ती हलवायची कुणाला इच्छा झाली नव्हती, मी तिच्यावरची धूळ तेवढी पुसत असे. लेकीने ती आणली, भिंगाखाली घातली, सरकवली, पुन्हा सरकवली.

"काय दिसतंय?" हे म्हणाले.

"काच."

ह्यांनी स्वतः बघितलं. उन्हाने रंग सगळा उडून गेला होता. आत कोण होतं, होतं की नव्हतं, काही सांगता येत नव्हतं. जांभळा ठिपका शेवटचा केव्हा दिसला होता ते आम्हा कुणालाच आठवेना. सासूबाई शेवटी शेवटी पाहुण्यांना दाखवत होत्या ती बहुतेक नुसती काचच असावी, आणि पाहुणे मान डोलवत होते.

"कारण मिळालं," मी म्हटलं.

"आई, लोक नावं ठेवतील मला. स्वतःच्या आईचं नाव ठेवलं म्हणतील. दहा ठिकाणी बश्यांवर आजीच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, सगळ्यांना बदलाव्या लागतील. गोंधळ होईल."

"होऊ दे. या घरात गोंधळ होऊ नये म्हणून मी पुष्कळ केलं. आता थोडा बाहेर होऊ दे."

तिने बाबांकडे बघितलं. हे दोन्ही पट्ट्या समोर घेऊन बसले होते. आईला नाही म्हणायची सवय नव्हती, ती आता कुठून येणार. ह्यांनी उजव्या हाताने रिकामी पट्टी उचलली आणि कपाटाकडे बोट केलं. मी ती पहिल्या खणात, तिच्या जागेवर ठेवली.

लेकीने लिहिताना कारण तेच दिलं. एक मूळ नमुना ओळखण्यापलीकडे गेला आहे, दुसरा शाबूत आहे, म्हणून दुसऱ्याचं नाव ठेवावं. सासूबाईंचं नाव त्याखाली गेलं, "पूर्वीचं नाव" म्हणून, बारीक अक्षरात. ती ओळ मी स्वतः वाचली. वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, आई जाऊनही तुम्ही तिला घराबाहेर काढलंत."

"बाहेर कुठे? माझ्याच खाली आहेत," मी म्हटलं. तिने फोन ठेवला. अजून बोलत नाही. एका कॉलेजातून लेकीला तक्रारही आली, चिठ्ठ्या बदलून बदलून हात दुखले अशी.

बश्या अजून माझ्याकडे आहेत. नात येते तेव्हा तिला दाखवते. गढूळ पाण्यात असतात तोवर तिला मी पणजी म्हणून सांगते, स्वच्छ पाणी घातलं की आजी म्हणून. शास्त्रात आता तसं नाही, पण तिला ते समजतं.

हे लेकीचा लेख छापून यायच्या आधी गेले, नात शाळेत जायला लागली त्या वर्षीच्या मार्चमध्ये, सकाळी, चहा घेऊन झाल्यावर. सासूबाई लेकीच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी, उन्हाळ्यात गेल्या होत्या.